वर कुठली बाजू

खडेबाजारात माझं फ्रेमचं दुकान.
देव, नवरा-नवरी, वारलेले आजोबा,
वर कुठली बाजू, कधी विचारावं लागलं नाही.

प्रज्वला कामकर आली, वडगावच्या मागवाल्याची लेक.
चित्रात दोनच पट्टे, एक तांबडा, एक निळा.
केसाहून बारीक पन्हळ आहे, म्हणाली,
दोन पाणी शेजारून जातात, धक्का न लागता.
मी म्हटलं, आपल्या गावासारखं की.
ती हसली नाही.
मधल्या रेघेवर नख टेकवलं.
तिथं जांभळट धुकं, पुढं पुढं रुंदावत गेलेलं.
"वेळ लागतो काका. थांबत नाही पण."

रंग बापाच्या मागावरचे, उरलेले.
एक बुडबुडा अडकला की महिन्याचं काम फुकट.

खिळा कुठं मारू?
"तिथं वजन चालत नाही. वर-खाली नाहीच."
भिंतीला आहे की गं, मी म्हटलं.

पुढचं चित्र रक्ताचं करायचंय तिला.
साखरेनं बधिरलेलं माझं बोट पुढं केलं,
टोचलेलं कळलंही नाही.
खालच्या पट्टीवर नाव कुठल्या भाषेत घालू,
विचारेपर्यंत फोन आला तिला,
कन्नडात बोलत बोलत जिना उतरून गेली.

तीन आठवडे झाले. पट्टी कोरी.
गिऱ्हाइकं विचारतात, साडीचा काठ काय हा?
एकजण म्हणाला, मलप्रभा, विमानातून.
मी रोज फिरवून टांगतो. आज आडवं आहे.

माझा थेंब आता
तिच्या कुठल्या पन्हळीत असेल,
बुडबुडा आडवा आला नसला तर.