करंगळी

माझ्या दुकानात सरसाचा वास असतो
आणि अक्रोडाच्या भुशाचा.
झाखारिस आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते,
पिरेअसच्या मागची ही निर्वासितांची जुनी वस्ती झोपली होती.
त्याच्या बाग्लामाची मान वाकली होती.
"मावशी, सरळ करून द्या, शनिवारी वाजवायचंय."

मान चाचपता चाचपता मी विचारलं,
हे जे वाजवतोस ते आलं कुठून, ठाऊक आहे?
हसला. एकोणीस वर्षांचं हसू.
"मासा समुद्राचा नकाशा मागतो का?"

खरंच आहे.
नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
पण पाणी मधेच एका जागी खारट लागलं तर?

मी मान शिकंज्यात धरली,
त्याला भिंतीवरचा दुसरा काढून दिला.
नऊ मात्रा. दोन, दोन, दोन, आणि मग ते तीन,
प्यालेल्या माणसानं उंबरा ओलांडावा तसे.
हात चांगला. फारच चांगला.
आणि आठव्या मात्रेवर, जिथे स्वर वर चढायचा,
तिथे काहीच नाही.
रिकामी जागा. दर खेपेला, नेमकी.

माझ्या हातातला रंधा थांबला.
"इथे का सोडतोस?"
"असंच असतं ते. सगळेच सोडतात. शैली आहे."

शैली.
माझा मामा पोलिकार्पोस,
स्मिर्ना जळताना चादरीत गुंडाळून बोटीवर चढवलेलं पोर,
चौदाव्या वर्षी दोरखंडाच्या कारखान्यात लागला
आणि सोळाव्या वर्षी डाव्या हाताची करंगळी
तिथेच ठेवून आला.
त्या वरच्या स्वराला करंगळी लागते.
ती नव्हती, म्हणून तो तिथे श्वास घ्यायचा.
आयुष्यात एकच तबकडी निघाली त्याची.
ती ऐकून कुणी शिकलं, त्यांचं ऐकून आणखी कुणी,
दहाही बोटं शाबूत असलेली माणसं.

सांगू नये असं वाटलं. सांगितलं.
त्याचे डोळे चमकले:
"पोलिसांनी तोडली? बंदीच्या काळात?"
नाही रे बाबा. यंत्रात गेली. मंगळवार होता.
मालकानं अर्ध्या दिवसाचा पगार कापला.

शनिवार गेला. तो पुढचाही.
मग एका सकाळी दारात उभा, मला वाटलं रडणार.
"जागा भरून पाहिली, तर गाणं कुणा परक्याचं होतं.
सोडून पाहिली, तर लंगड्याची नक्कल करणाऱ्या
पोरासारखं वाटतं.
मावशी, तुम्ही लाकडाची मान सरळ केलीत
आणि माझा हात बिघडवलात."

मी काय बोलणार?
मला सगळं ठाऊक आहे:
कुणी कुणाची तार उसनी नेली, कुठल्या अड्ड्यावर छापा पडला,
कोटाच्या आत कसं लपवायचे हे एवढंसं वाद्य.
वाजवण्यातलं मात्र ओ की ठो कळत नाही.
मामाची करंगळी मला आठवते, म्हणजे तिचा खुंट,
लिंबू सोलताना बाजूला उभा राहायचा, पाहुण्यासारखा.
याच्या हाताला तिची उणीव पाठ होती.
आमच्या दोघांत मामा कुणाकडे जास्त?

काल रात्री गेले ऐकायला.
कोपऱ्यात बसले, तळलेल्या माशांच्या वासात.
आठवी मात्रा आली.
त्याची करंगळी उठली, तारेच्या वर, हवेत,
क्षणभर थांबली,
आणि न टेकता परत आली.

आधीपेक्षा चांगलं होतं का ते?
शपथेवर सांगता यायचं नाही.
नववी मात्रा मात्र केसभर उशिरा पडली.

शेजारच्या टेबलावर कुणाचं तरी आठ-नऊ वर्षांचं पोर
काट्याच्या मुठीनं ताल धरून होतं.
दुसऱ्या फेरीत पाहिलं मी.
तोही उशीर त्यानं धरला होता.