अर्धा ग्रॅम

दार उलटं बसवलंय
हे कळेपर्यंत दुपार झाली.
तोवर दोरा ताणून झाला होता,
भिंतीतल्या भोकातून दारातल्या भोकात,
तिथून अंगणात,
आणि थेट मशिदीच्या कुंपणाकडे बोट दाखवत होता,
म्हणजे झुल्फोच्याच माणसांकडे.
ब्लागोयेनं तसं वहीत लिहिलं, पेनाला टोपण लावलं.
तेवढ्यात हाय्रिया कॉफीचा ट्रे घेऊन आली
आणि कोपरानं दार ढकलताना म्हणाली,
"लढाईआधी हे आत उघडायचं."

चौकट कुजली होती. बिजागऱ्या तिनंच बदलल्या,
तो जाऊन दोन हिवाळे झाल्यावर.
घरात वारा शिरत होता
आणि वारा कुठल्याच फौजेचा नसतो.

आम्ही मनातल्या मनात दार फिरवलं.
दोराही फिरला, नदी ओलांडून गिरणीत गेला.
दोऱ्याचं काय, ताणाल तिकडे सरळ.

पुंगळ्या दोन्हीकडे मिळाल्यात:
गिरणीत तीन, कुंपणापाशी दोन.
बुडावर एकाच कारखान्याचा शिक्का.
वाटण्या होण्याआधी फौज एक होती,
कोठारही एकच.

गोळी माझ्या पाकिटात आहे, नंबर चौदा.
कारखान्यातून निघाली तेव्हा सात पूर्णांक नऊ ग्रॅम,
आज काट्यावर सात पूर्णांक चार.
राहिलेला अर्धा थोडा दारात, थोडा भिंतीत
आणि थोडा वर टेकडीवर झुल्फोपाशी,
जिथं खणायची परवानगी मी मागितलेली नाही.

कोट मागितला. तिनं आणला.
धुतलेला, इस्त्रीचा, भोक रफू केलेलं,
धागा मूळ रंगाहून जरा गडद.
"मुलगा शाळेत घालून जायचा. थंडी होती."
रक्ताची कड, काजळी, तुटल्या धाग्यांची टोकं
आत वळलेली की बाहेर,
सगळं साबणाबरोबर नदीत.
पावतीवर मी लिहिलं: पुरावा, निरुपयोगी.
मग निरुपयोगी खोडलं.
त्या जागी काय लिहावं, अजून सुचलेलं नाही.

शेवटचा प्रश्न माझ्या वाट्याचा:
गोळी आली तेव्हा दार किती उघडं होतं?
पंचेचाळीस अंश असेल तर गिरणी,
सत्तर असेल तर कुंपण.
मधल्या पंचवीस अंशांत
दोन्हीकडचे वकील आठ वर्षं उभे आहेत.

ती उठली.
कुत्र्याला हाक मारायला तो उघडायचा
तसं तिनं दार उघडलं, अंग जाईल इतकं.
थांबली. थोडं ओढून घेतलं.
"बारीक होता तो. त्याला एवढं लागायचं नाही."
पुन्हा जरासं सोडलं.
"पण त्या दिवशी अंगात कोट होता."

ब्लागोये बाहेर जाऊन सिगारेट पेटवतोय.
कॉफीवर साय धरलीय.
कोनमापक माझ्या हातात, दार तिच्या हातात,
आणि तिचं मनगट स्थिर राहत नाही:
बावन्न,
अठ्ठावन्न,
पुन्हा बावन्न.