शेऱ्याचा रकाना

हालोल रस्त्यावरच्या आमच्या ठाण्यात
एक लोखंडी ढोल, तासाला एक फेरा.
त्यावर कागद, कागदावर सुई, सुईला शाई,
आणि सुईसमोर मी,
इंदुमती रणदिवे, निरीक्षक, वर्ग तीन,
एकतीस वर्षं.

खिडकीत पावागड.
कधी काळी, कोट्यवधी वर्षांमागे, पेटलेला.
आता त्याच्यावर रोप-वे चढतो, चुनऱ्या विकतात,
माकडं प्रसाद हिसकावतात.
मेलेल्या डोंगराची नाडी धरायचा पगार,
असं आमचे हे म्हणायचे, सेव-उसळ खाता खाता.

नाडी कसली, गावच उमटतं कागदावर.
पुलावरून मालगाडी गेली की बारीक थरथर.
दुपारी एक-दहाला खाणीतला सुरुंग.
आणि नवरात्रात, नऊच्या नऊ रात्री,
वीस हजार पावलं एकदम पडतात मैदानावर
तेव्हा तीन टाळ्यांचा गरबा येतो रेघेत,
इतका नीट
की चुकणारी बाई ओळखावी.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिते :
गरबा. भूकंप नाही.

भूजच्या सकाळी सुईनं कागद फाडला होता.
ते सांगायला कुणाला उठवावं लागलं नाही.

शाल्मलीचा डोंगर जिवंत आहे.
समुद्रापलीकडचं बेट, पायथ्याशी चार लाखांचं शहर.
ती त्याचा गंधक मोजते, उताराचा कल मोजते,
फोनवर सांगते :
आई, पोट फुगलंय त्याचं, अडीच सेंटीमीटर.
झऱ्याचं पाणी कोमट लागतंय.
आणि खालून सलग एक गुणगुण,
कुणी ओठ मिटून म्हणावं तशी.

मागच्या महिन्यात तिनं लाल बावटा लावला.
माणसं निघाली, गाद्या, डुकरं,
सिलिंडर, सासवा घेऊन.
अकरा दिवस शाळांच्या फरशीवर.
डोंगरानं काही केलं नाही.
परतीच्या ट्रकमधून कुणीतरी तिच्या काचेवर थुंकलं.
एका म्हातारीनं खुराडं उघडून दाखवलं :
एकूण एक कोंबडी.

फोनवर ती बोलत नाही.
मी ऐकते. हे मला येतं,
सरळ रेघेसमोर बसून राहणं.

मग सांगते तिला.
तू चार महिन्यांची पोटात होतीस.
रात्री दोन चाळीसला सुई सुटली, थांबेचना.
कलेक्टरांच्या बंगल्यावर फोन लावला.
साहेब, पावागड.
एवढंच म्हणाले. जिपा सुटल्या,
चांपानेरची माणसं वाळत घातलेल्या मिरच्या टाकून
उजाडेपर्यंत शेतात बसली, गारठ्यात.
सकाळी कळलं :
ठाण्यामागं रोलर फिरत होता,
मंत्री येणार म्हणून रातोरात रस्ता.
चौकशी, खुलासा, एक वेतनवाढ बंद.
वर्षभर भाजीवाली ललिताबेन विचारायची,
बेन, आज डुंगर सूतो छे ने?

पलीकडे हसली, की नाक ओढलं, कळलं नाही.
मग?
मग काय, दुसऱ्या रात्री कागद लावला.
हात कापत होता, त्याचीही रेघ आली.

हे मात्र सांगितलं नाही
की पुढं एकदा, खरीच शंका आली तेव्हा,
फोनवर हात ठेवून मी चौदा मिनिटं बसले होते.
रोलर आठवत.
काही झालं नाही. झालं असतं तर.
ती चौदा मिनिटं कुठल्याच रकान्यात नाहीत.

आज घटस्थापना. मैदानावर माइकची चाचणी,
हॅलो, हॅलो, एक बे त्रण.
शाईची बाटली उघडतेय तोच तिचा फोन.
आई, गुणगुण थांबलीये पहाटेपासून.
पूर्ण?
पूर्ण. वायूही नाही. सगळे म्हणतात, निवला.
तू काय म्हणतेस?
ती गप्प. मीही.
सुई कागदावर टेकलेली, अजून ओली.

उठव त्यांना, मी म्हणते.
परत उठव.
आणि या वेळी कोंबड्या बरोबर घ्यायला सांग.