उशाकडे दोन विटा

सकाळी साडेसहाला, चहाच्या आधी,
एक पिवळी गोळी आणि अर्धा तास.
त्या अर्ध्या तासात कोपऱ्यावरून
पोह्यांची वाफ येते, वर शेव, वर जीरावन.
मी घड्याळाकडे बघत बसतो
पेपर मिळायची वाट बघणाऱ्या पोरासारखा.

सराफ्यात बत्तीस वर्षं सोनं तोललं.
रात्री शटर ओढलं की
आमच्याच ओट्यावर कढई चढायची.
पूरणमल हाक मारायचा, "लेलेसाब, गराडू!"
लिंबू पिळून, उभ्याउभ्याच.
आता साताला दुधी, दोन फुलके,
आणि तीन तास आडवं व्हायचं नाही.
डिसेंबरात दोनच फोडी चोरून खाल्ल्या,
रात्र खुर्चीत काढली.

डॉक्टर म्हणाले, पलंग उशाकडून उचला.
कुमुदनं गच्चीवरून दोन विटा आणल्या,
'नई दुनिया'त नीट गुंडाळून
पलंगाच्या पायांखाली सारल्या.
मला फरक पडला. आंबट घशाशी येत नाही.
ती मात्र झोपेत
इंच इंच घसरत
पायथ्याशी पोचते.
तक्रार नाही.

पहाटे उठून मी तिची उशी
तिच्यापाशी नेऊन ठेवतो.
तेवढ्यात गोळीची वेळ होते.