स्वभावाचा पेपर

रविवारी सरांनी कागद वाटला:
तुमचा स्वभाव कसा, खूण करा.
यात बरोबर-चूक काही नाही म्हणाले.
असा पेपर मी पहिल्यांदाच पाहिला.

‘मी कामं वेळेवर पूर्ण करते.’
एकशे बारा पोरांची खिचडी
साडेअकराला उतरते, ते धरायचं
की स्वाध्यायाची जूनपासून कोरी वही?
दोन्ही चौकटींत अर्धी अर्धी खूण केली.

‘मला लवकर भीती वाटते.’
सापाची नाही. हॉलतिकिटाची, हो.

‘अनोळखी लोकांशी बोलायला आवडतं.’
सिंदेवाहीत अनोळखी कोण?
बाजूच्या बाकावर धनपाल कंडक्टर,
मागं माझीच सून करिश्मा.
पहिल्या सत्रात तिला माझ्याहून नऊ मार्क कमी,
तवापासून भाजीत मीठ जास्त.

कोणत्या स्वभावाचा माणूस पास होतो,
हे सरांना यातून काढायचंय म्हणे.
मी म्हटलं, ‘सर, तुमी भरला का हा?’
ते खडू शोधू लागले.

शेवटची ओळ: ‘हाती घेतलेलं मी सोडत नाही.’
सातवीत बाबानं नाव काढलं, चुलतीच्या बाळंतपणात.
दाखल्यावर कारण लिहिलंय: सतत गैरहजर.

पेन तसंच धरून बसले.
दारातून करिश्मा म्हणाली,
‘आई, चला नं, एष्टी जाईल.’