सण कधी होता

किट्वेच्या बाजारात वीज गेली तेव्हा
अर्थमंत्री नेमके "सहन करा" म्हणत होते.
वाक्य अर्ध्यातच राहिलं,
आणि माझ्या सुईखाली
एका परक्या शर्टाची बाही
खांद्याला लागता लागता थांबली.

शेजारी मुतिंता, पुढ्यात सलाउलाचा ढीग.
कुठल्याशा थंड देशातून गठ्ठे बांधून आलेले कपडे,
एखाद्याच्या खिशात अजून ट्रामचं तिकीट.
ढिगात कोपरापर्यंत हात घालून कसोंदे उभा.
तीस वर्षं खाणीत गेलेला माणूस,
तांब्याचा विषय निघाला की आवाज खाली आणतो,
आतल्या खोलीत कुणी आजारी असल्यासारखा.

"बरोबर बोलतोय तो," कसोंदे म्हणाला.
"घेतलंय तर फेडायला नको?
पिठावरची सूट जाईल, डिझेल चढेल,
दोन वर्षं कळ सोसायची. देशाला पत असते.
ऋण काढून सण केला आपण, आता..."

"सण?"
मुतिंतानं एक कोट झटकला.
धूळ कुठल्या देशाची कोण जाणे, तिला शिंक आली.
"कधी होता? मला कुणी सांगितलंच नाही.
ढोल वाजले असते तर ऐकू आले असते,
मी इथंच असते, सकाळी सहापासून.
झाला असेल लुसाकात, गालिच्यावर.
आमच्या गल्लीत खरकटी भांडी तेवढी आली,
घासायला."

"रस्ता झाला की."
"झाला. विमानतळाकडे जातो.
तू गेलायस कधी विमानतळाकडे?"

"एकदा," कसोंदे म्हणाला. "पोराला सोडायला."

मग थोडा वेळ
कोंबड्यांच्या पिंजऱ्याशिवाय कुणी बोललं नाही.

शेवटी त्यानं एक निळा शर्ट ओढून काढला,
कॉलर उलटून पाहिली. "हा मांडून ठेव."
"एप्रिलचे दोन मांडलेत. जूनची चादरही."
"पेन्शन आली की देतो. हप्ते पाड ना."

"पाडते. पण माझ्या अटी ऐक.
चहातली साखर बंद.
बायकोच्या गोळ्या एक दिवसाआड.
नातवाच्या शाळेचं पुढच्या तिमाहीत बघू.
आणि दर तीन महिन्यांनी टाय लावून मी तुझ्या घरी येणार,
पातेल्यावरचं झाकण उचलून बघणार,
आणि जेवूनही जाणार."

कोंबडीवाला हसला, मी हसलो,
कसोंदेही हसला, सगळ्यांत उशिरा.
"देश म्हणजे दुकान नव्हे, मुतिंता."
"मग मी काय म्हणतेय मघापासून?"

"ठीक. नाही फेडलं.
उद्या औषधांचा ट्रक कोण पाठवेल?"

याला तिच्याकडे उत्तर नव्हतं.
घडी घातलेल्या कोटाची
तिनं पुन्हा घडी घातली.
मग निळा शर्ट वर्तमानपत्रात गुंडाळला
(मंत्र्यांचा फोटो आत गेला की बाहेर राहिला,
मला दिसलं नाही)
आणि वहीत तारीख लिहिली.
आकड्याची जागा कोरी.
त्याच्या मागच्या पानावर माझं नाव आहे.
मी बाहीकडे बघत बसलो.

वीज आली. मंत्र्यांचं आटोपलं होतं,
रेडिओवर साबणाची जाहिरात.
माझा पाय पेडलवरच राहिला होता,
मशीन आपोआप धावलं
आणि शिवण दोन बोटं वाकडी गेली.

ब्लेड घेतलं, उसवत बसलो.