तासांचा रकाना

बस, या बाकावर बस. धूळ झटकू नकोस,
वाळवंटाकडून हरमॅटन सुटलाय,
झटकलीस तर तुझ्याआधी तीच बसेल.

तू विचारतोस, लामिसी, एका टोपलीला किती तास?
तुझ्या कागदावर त्यासाठी रकाना आहे
आणि त्यावरून म्हणे ठरणार
माझ्या हातांचा रास्त भाव.

मग लिही.
गवत आता इथलं राहिलं नाही.
दक्षिणेकडून ट्रकने येतं,
भारा रोखीनं घ्यावा लागतो.
एकेक काडी दातात धरून उभी फाडायची,
बरोबर मधोमध.
पुढचे दोन दात झिजले माझे त्यात,
त्यांचा रकाना दिसत नाही कुठे.
मग दोन्ही फाळ्यांना तळहातांत पीळ,
पोरं निजल्यावर, दिव्याशिवाय.
पिळाला डोळे लागत नाहीत.
अंधारातले तास तू उजेडाच्या भावाने लावतोस
की वेगळे?

रंगाचं पातेलं वेगळं, रांधायचं वेगळं.
एकदा अदलाबदल झाली,
बाजरीची लापशी जांभळी उतरली
आणि सासरा काही न बोलता दोनदा वाढून घेऊन जेवला.
तो तास धर किंवा सोड,
तुझी मर्जी.

आधी काय होतं, विचारतोस?
दर तिसऱ्या दिवशी बोल्गाटांगाचा बाजार.
डोक्यावर सहा टोपल्या, पायाखाली चार कोस.
तिथला व्यापारी घासाघीस करत नसे.
झाडाखाली खुर्ची टाकून
तो नुसता सूर्याकडे बघत बसे.
त्याला ठाऊक होतं,
परतीच्या वाटेवर दिवे नाहीत.
सावल्या लांबल्या की टोपली आपोआप स्वस्त होते.
शेवटच्या दोन तर मी
मिठाच्या पुड्यावर दिल्यात,
आणि वर त्यालाच म्हटलंय, देव तुझं भलं करो.

गेल्या साली तुमच्या मंडळींनी
अर्धे पैसे आधी हातात ठेवले.
त्याचं मी काय केलं, ते लिही.
त्याचं मी गवत निवडलं.
भाऱ्यात कोपरापर्यंत हात घालून,
ठिसूळ काड्या बाजूला टाकत, अर्धा दिवस.
दुकानदार म्हणाला, तू कधीपासून निवडायला लागलीस?
उधारीवाल्या बायका निवडत नसतात.
मी म्हटलं, म्हणूनच तर.

थांब. ती वेगळी का ठेवलीस?
हो, सातवा फेर वाकडा आहे.
मागच्या वेळी आलेली ती कॅमेरावाली बाई
अशा टोपलीला गोष्ट मागायची:
त्या रात्री कोण जन्मलं, कोण गेलं,
डोळ्यातलं पाणी कुठे सांडलं.
काही झालं नव्हतं रे.
जेवण जास्त झालं, डुलकी लागली,
हात आपला चालत राहिला.
दया म्हणून ती घेऊ नकोस.
वाकडीला वाकडीचा भाव लाव.
पण सरळीला सरळीचा,
आणि तो सूर्य वर असताना.

माझं शेजारणींशीही भांडण आहे, तेही ऐक.
अयिनपोका म्हणते, दूर देशी त्या टोपलीत
कोणी कुत्रं निजवतं.
तिला वाईट वाटतं. मला नाही.
कुत्र्याला काय कमी कळतं?
फक्त दाम देताना
कुत्र्याच्या अंथरुणाचा नको,
माझ्या तीन दिवसांचा द्या.

तीन लिहिलेस?
तीन आणि थोडं.
ते थोडं कसं मोजायचं, तुलाच कळेल.
ही काडी घे.
नखाने नाही, दात लाव. जिभेवर ओली कर.
आता दोन्हीकडे सारखं ओढ. सारखं म्हटलं ना...

गेली.
राहू दे, सगळ्यांची पहिली जाते.
पण भाऱ्याचे पैसे मी मोजलेत,
तेव्हा ही एक काडी
तुझ्या खात्यावर मांड.